शून्याच्या प्रमाणात

सोसायटीच्या कमिटीत मी कशी गेले, हे मला अजून नीट कळलेलं नाही. एक जागा बाईसाठी राखीव होती आणि ती रिकामी ठेवली तर वरून पत्र येतं, असं सेक्रेटरी काका म्हणाले. "वहिनी, तुम्ही फक्त सही करायची." मी आठवीत शाळा सोडलेली, वाशीमकडच्या गावातून लग्न होऊन विक्रोळीला आलेली. सही येत होती. आपल्याला कुणीतरी जमेत धरलं, या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवसापासून धास्ती सुरू झाली, की आता कधीतरी काहीतरी विचारतील.

विचारलं ते आगीबद्दल.

झालं असं, की एका दुपारी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत वायर जळाली. आग थोडी, धूर फार. लिफ्ट बंद केली. मिस्टर कामावर होते. बाराव्या मजल्यावर मी आणि माझ्या सासूबाई. खुबा मोडल्यापासून त्या पलंगापासून संडासापर्यंत आणि परत, एवढंच चालतात, तेही माझ्या खांद्यावर. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि त्यांच्या उशाशी बसले. त्या म्हणाल्या, "तू जाय खाली. मले काय होते?" मी म्हटलं, जिन्यात धूर आहे. "मंग बस. चहा ठेव." गॅस पेटवायची माझी हिंमत होईना. त्याचा त्यांना धुरापेक्षा जास्त राग आला.

बंबवाले आले, वायर विझवली. मग त्यांचे साहेब एकेक मजला बघत चालत वर आले. आमच्याकडे जिन्याशेजारी एक लाल पाइप आहे, त्याला चाक आहे. त्या चाकावर मी पायपुसणं वाळत घालत असे. साहेबांनी पायपुसणं माझ्या हातात दिलं आणि चाक फिरवलं. पाणी आलं नाही. एक झुरळ बाहेर आलं, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि परत आत गेलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग उघड्या दारातून आत बघून म्हणाले, "आजी चालतात का?" मी नाही म्हटलं. तेही त्यांनी लिहिलं.

त्या दिवसापासून मला त्या चाकाकडे बघवेना.

पंप बसवायचा, पाइप बदलायचे, खर्च सगळ्यांत सारखा वाटायचा, असा ठराव आला. सभा पार्किंगमध्ये. हात मोजायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं, की आगीची भीती मजल्याप्रमाणे वाढते. बाराव्याचे सगळे हात वर. आठव्यापर्यंत बरी परिस्थिती. पाचव्याच्या खाली हात खिशात. पहिल्या मजल्यावर एक मालवणच्या काकी राहतात, माझ्या सासूबाईंशी भांडायला दर गुरुवारी वर येतात. त्या म्हणाल्या, "आग लागली तर मी चपला घालून भायर येतलंय. तुमच्या पंपाचो माका काय उपेग?"

"काकी, गुरुवारी लागली तर?" कुणीतरी विचारलं.

"गुरवारी नाय लागाची."

ठराव पडला.

मग सेक्रेटरी काकांनी नवा काढला. ते सरकारी कचेरीत क्लार्क होते. त्यांना 'प्रमाणात' हा शब्द आवडतो. "ज्याची मालमत्ता मोठी त्यानं जास्त द्यावं, लहान त्यानं कमी. मालमत्ता कराच्या प्रमाणात. आता सांगा, यावर कोण भांडेल?" कमिटीत कुणी भांडलं नाही. घरोघरी जाऊन समजवायला मला सांगितलं, कारण बाईच्या तोंडावर कुणी दार आपटत नाही म्हणे. आपटतात, पण आधी पाणी विचारतात.

जाण्याआधी आपल्याला किती येतात ते तरी माहीत असावं, म्हणून मी कराची यादी मागून घेतली आणि दुपारी सासूबाईंच्या पलंगावर बसून हिशोब मांडला. शून्य आलं. आठवीचं गणित, चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य. शेजारच्यांचं मांडलं, शून्य. आमची घरं लहान, म्हणून त्यांचा कर माफ झालेला. इतकी वर्षं आम्ही शून्य भरत होतो, की भरत नाही हेच सगळे विसरले होते. शून्य नव्हतं ते खालच्या सहा दुकानांचं.

मी काकांकडे गेले. "काका, शून्याला कितीनंही गुणलं तर शून्यच ना?"

काकांनी यादी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. "म्हणजे सगळं दुकानांवर," ते म्हणाले. यादीची घडी घातली. मग म्हणाले, "वहिनी, बोलू नका कुठं. पास होऊ द्या."

मी बोलले नाही. पाणी वर येणार होतं, मला दुसरं काही नको होतं. पण त्या सहा दुकानांत एक मेडिकल आहे. खुबा मोडला तेव्हा त्या दुकानदारानं बाराव्या मजल्यावर संडासाची खुर्ची स्वतः आणून दिली होती. लिफ्ट बंद असली की गोळ्या घेऊन चालत येतो आणि दारात पाच मिनिटं नुसता उभा राहतो, दम लागून बोलता येत नाही म्हणून. त्या आठवड्यात मी त्याच्या दुकानापुढून मान खाली घालून गेले. तो म्हणाला, "काय ताई, दुखतंय का मान?" आणि मलम दाखवायला लागला.

दुसऱ्या सभेपर्यंत शून्याची बातमी मी न सांगताच सगळ्या मजल्यांवर पोचली होती. इतकी गर्दी गणपतीतही नसते. काका ठराव वाचत होते, तो संपायच्या आत हात वर. पहिल्या मजल्याचेसुद्धा.

मेडिकलवाला उठला. चिडला नव्हता. "करा पास," म्हणाला. "मी उद्या वकील बघतो. दहा वर्षं चालेल. तोवर पाइप आहे तसा राहील."

"धमकी देतो का रे?" मागून कुणीतरी.

"नाही, माहिती देतो."

तो खरंच माहिती देत होता. दहा वर्षं. मी मनात सासूबाईंच्या वयात दहा मिळवले.

काका म्हणाले, "वहिनी, तुमचा हात दिसत नाही."

मी उभी राहिले. उभं राहिल्यावर बोलावं लागतं, हे उभं राहिल्यावर लक्षात आलं. "मला शून्य नको," मी म्हटलं. लोक हसले. मी म्हटलं, अर्धं दुकानांनी द्यावं, त्यांच्या कराप्रमाणे. अर्धं आपण घरांनी, सारखं. भांडण झालं तर पाणी येणार नाही, आणि आमच्या घरात एक माणूस चालू शकत नाही. मग सुचेना, म्हणून म्हटलं, "गणपतीची वर्गणी देतो, जयंतीची देतो, तेव्हा कुणी कराचं बिल बघतं का?"

"त्यात जेवण असतं, ताई."

मी बसले. पण काकांना पद्धत मोडवत नाही. त्यांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "सूचक झाल्या. अनुमोदक कोण?" मेडिकलवाला म्हणाला, "लिहा माझं."

हात मोजले. मीच मोजत होते. एक हात कमी पडत होता. पुन्हा मोजले, तेवढेच. तेवढ्यात मालवणच्या काकींचा हात डोक्याजवळ दिसला.

"काकी, हा ठरावासाठी आहे का?" काकांनी विचारलं.

"खाजवूक वर केललो. आता वर आसा, तर मोज."

काकांनी मोजला. लिफ्टमध्ये काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सासूक सांग, माझ्यामुळे वाचतली. गुरवारी मी येवच्या आदी सांग."

पंप बसला, पाइप बदलले. मग चाचणीचा दिवस आला. कंत्राटदाराचा माणूस आमच्या मजल्यावर नळी लावून उभा राहिला, खाली कुणालातरी फोन केला आणि चाक फिरवलं. आधी नुसती हवा आली, फुसफुस करत. मी भिंतीला धरून उभी होते. मग पाणी आलं. समोरच्या भिंतीवर आदळून पूर्ण पॅसेज भिजला, चपला जिन्यावरून खाली गेल्या. माझे डोळे भरून आले. पण सगळेच ओले होते, त्यामुळे वेगळं काही दिसलं नाही.

आमचं दार उघडं होतं. आतून आवाज आला, "नळाले येवढं पानी कधीच नाही येत व."

तोवर मजल्यावरच्या बाया बादल्या घेऊन बाहेर आल्या होत्या. कंत्राटदाराचा माणूस गोंधळला. "अहो, हे आगीचं पाणी आहे. वापरायचं नाही."

"आगीचं असो," आतून सासूबाई म्हणाल्या, "चादर भिजते नं त्यात?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण मी कमिटीवर होते. मी म्हटलं, चाचणी किती वेळ चालते? तो म्हणाला, अजून पाच मिनिटं. मी बादली आणायला आत गेले.