धुवायला टाकलेला कॅमेरा

इथे जपानात शाळेच्या सहलीला मोबाइल नेता येत नाही. म्हणून लेक निक्कोला निघाली तेव्हा तिला पुठ्ठ्याच्या वेष्टनातला, एकदाच वापरायचा रोलचा कॅमेरा घेऊन दिला. ती परत आली तरी त्यातला निम्मा रोल शिल्लकच होता. पुढे आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे हिगाशी-कसाईला राहायला आले आणि तो उरलेला रोल आईने ताब्यात घेतला.

आमच्या मोबाइलवर फोटोंचा नुसता पाऊस पडत होता, पण आईला त्यात गोडी नव्हती. रोल म्हटला की तिचा हात आखडायचा. कॅमेरा डोळ्याला लावायची, बराच वेळ बघायची आणि "नको, एवढं काही खास नाही," म्हणून खाली घ्यायची. नातीला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं ठरूनच गेलं होतं. नात तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची, "काढ आजी, हा झाड छान आहे." आई त्या "हा झाड"वर इतकी खूश, की पुण्यात फोन करकरून ते सगळ्यांना ऐकवलं. एरवी जपानीत उत्तरं देणारी माझी मुलगी आजीशी मात्र मराठीत बोलायची. चुकायची, पण बिनधास्त बोलायची.

विमानतळावर आईने कॅमेरा माझ्या हातात दिला. "संपलाय रोल. फोटो धुऊन आले की पाठव हं."

स्टेशनजवळच्या दुकानात चौकशी केली आणि मी उडालेच. रोल धुवायचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे, मोबाइलवर हवे असतील तर त्याचे आणखी वेगळे. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त! इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी येनचे रुपये करून बघायची माझी खोड जात नाही. रुपये केले आणि कॅमेरा परत पर्समध्ये, घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये टाकला. पुढच्या महिन्यात बघू. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर स्ट्रॉबेरीचा महागडा केक खाल्ला, तेव्हा मात्र रुपये करायचे मला सुचले नाहीत.

दर रविवारी फोनवर आई विचारायची, "अगं, आले का धुऊन?" मी सांगायचे, दुकानात गर्दी आहे. जपानात, फोटोच्या दुकानात, महिनोन् महिने गर्दी! आईने तेही खरं मानलं. मग मला तिचाच राग यायला लागला. एका माणसाने किती वेळा विचारावं?

असाच एक रविवार गेला आणि सोमवारी सकाळी, बूट घालता घालता, मी दारातून लेकीला ओरडून सांगितलं, "ड्रॉवरमधला कॅमेरा काढून ठेव गं, धुवायला टाकायचाय!"

आता आमच्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा एक वाक्य म्हटलं जातं. दह्याचा डबा धुऊन टाक. दुधाचा खोका धुऊन टाक. इथे कचराही स्वच्छ करून, वेगवेगळा करून द्यावा लागतो, आणि ते काम लेकीकडे आहे. संध्याकाळी घरी आले, तर पुठ्ठ्याचं वेष्टन नीट सोलून कागदाच्या कचऱ्यात ठेवलेलं. आणि काळा कॅमेरा साबणाने स्वच्छ घासून, भांड्यांच्या जाळीत दह्याच्या डब्याशेजारी पालथा घातलेला.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणाली ना," ती म्हणाली, "धुऊन टाक."

दुकानदाराने सांगितलं, काही येईलच असं नाही, पण धुवायचे पैसे मात्र पडतील. काही येणार नसेल तर पैसे कशाला घालवा? कॅमेरा पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता आईला द्यायला खरंखुरं कारण होतं.

आणि मी ते दिलंही, चांगलं तिखटमीठ लावून. घरच्या ग्रुपवर लिहिलं, "धुवायला टाक म्हटलं, तर बाईसाहेबांनी साबणाने धुऊन टाकला!" मावश्या, भाऊ, वहिनी सगळे खो-खो हसले. रविवारी फोनवर भावाने लेकीला विचारलं, "काय गं, आता मामाचा फोनपण धुणार का?" ती हसली नाही. आई तेवढी म्हणाली, "असू दे गं, पोर आहे." मी महिनोन् महिने काय करत होते, हे कोणीच विचारलं नाही. मीही बोलले नाही.

त्यानंतर लेक आजीशी मराठीत बोलेनाशी झाली. आधी वाटलं, वय आहे. फोन लागला की "शुकुदाई," म्हणजे गृहपाठ, एवढंच पुटपुटून ती आत जायची. आई स्क्रीनजवळ तोंड आणून हाका मारायची. एकदा हळूच म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही गं, अभ्यास फार असतो." पुन्हा खोटं बोलले. या वेळी जास्त वाईट.

नवीन वर्षाला इथे मुलांना पाकिटातून पैसे मिळतात. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. लेक आली आणि ओट्यावर फोटोंचं एक पाकीट ठेवलं. मी पिठाच्या हातांनीच उघडलं. बरेचसे फोटो जांभळट, ओघळ आलेले. दोन-तीनच कळण्यासारखे. एकात बाबांचा अर्धा चेहरा. एकात एक झाड, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी माझी मुलगी, आजीकडे बघून काहीतरी सांगत असलेली.

"मी धुवायला टाकला होता," ती म्हणाली. मराठीत, एकेक शब्द जपून, कितीतरी दिवसांनी. "धुऊन नाही टाकला. धुवायला टाकला."

तिला जवळ घ्यायचं होतं. सगळं माझं चुकलं, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "अगं, किती पडले?"

 मग तिने आकडा सांगितला. जपानीत.