हिरवी झालेली रांग

श्वास कमी पडला की बाबांचे खांदे वर येतात. खोकला नंतर येतो, घरघर त्याच्याही नंतर. शर्टाची कॉलर कानांकडे सरकायला लागली की समजायचं. गेली काही वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि खांद्यांकडे जास्त बघते.

सावंतवाडीकडच्या गावातून ते खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून डिचोलीला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, धूळ तेवढी छातीत राहिली असं आई म्हणते. डॉक्टर तसं स्पष्ट म्हणत नाहीत. आता बाबा बालरथ चालवतात, म्हणजे शाळेच्या मुलांची बस. बसून करायचं काम आहे, ते त्यांना जमतं. गर्दीत, उन्हात, एका जागी उभं राहणं जमत नाही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत रांगेत उभे होते. दुपारी त्यांचे खांदे वर आले आणि ते तिथेच फरशीवर बसले. मागून कोणीतरी म्हणालं, "सकाळीच पिऊन आलेला दिसतो." बाबा मान खाली घालून हसले. रांग पुढे सरकत होती आणि जागा जाईल म्हणून मी त्यांना ओलांडून पुढे सरकले. त्यानंतर कुठलीही रांग दिसली की मी आधी बसायला जागा शोधते.

धाकटी बहीण दहावी पास झाली तेव्हा तिने एकच हट्ट धरला. पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, नवीन पार्क झालं होतं, पाळणे, घसरगुंड्या, पाण्यातल्या बोटी, सगळं असलेलं. बाबांनी तिला ती लहान असल्यापासून असल्या ठिकाणी न्यायचं कबूल केलं होतं. पार्काच्या जाहिरातीत धबधब्याखालून जाणारी एक गोल बोट होती. बाबा तो फोटो मोठा करून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या बोटीत मी पण बसतलंय हां. बाकीचा तुमी बघा."

मी म्हटलं, "तिथे तास-तास रांग असते, बाबा."

"मगे तू कित्याक आसस? कॉलेजात जातंस, तुका कळतला."

आमच्या घरी हे वाक्य प्रत्येक गोष्टीला येतं. गॅसचा नंबर लावताना, बँकेतून मेसेज आला की, औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचताना. खरं तर मला फारसं काही कळत नाही. मी वर्गातल्या, तिथे जाऊन आलेल्या मुलींना विचारलं. त्यांनी मला पार्काचं अ‍ॅप दाखवलं. त्यात पार्काचा नकाशा होता आणि प्रत्येक खेळाच्या नावापुढे आत्ता किती वेळ थांबावं लागेल ते येत होतं. थोडा वेळ असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, खूप असेल तर लाल. मी घरी बसून रोज ते उघडत असे. गॅलरीत कपडे वाळत घालताना सड्यावरची ती बोट कधी लाल होते, कधी पिवळी होते हे बघत असे. शनिवार-रविवार वाईट. सकाळी गेट उघडल्या उघडल्या सगळे पुढच्याच खेळांवर तुटून पडतात, तेव्हा मागच्या बाजूला जायचं. जेवण लवकर उरकायचं. दुपारी नाचाचा कार्यक्रम सुरू झाला की लोक तिकडे जातात आणि बोटीची रांग उतरते. हे सगळं मी पुन्हा पुन्हा तपासलं. चुकलं तर बाबा पुन्हा कुठल्यातरी फरशीवर बसलेले दिसतील, एवढंच डोक्यात होतं.

इथे आईच्या पिशवीबद्दल सांगायला हवं. आमच्या आरोग्य केंद्रात छातीचे डॉक्टर येतात त्या दिवशी दारासमोर माणसांची रांग नसते, वस्तूंची असते. पिशवी, छत्री, हेल्मेट, कोणाचं काही नसेल तर चिऱ्याचा तुकडा. माणसं समोर आंब्याखाली बसतात, गजाली मारतात. दार उघडलं की जो तो आपल्या वस्तूपाशी जाऊन उभा राहतो. कोणी कोणाचा नंबर मारत नाही. आईची चौकटीची पिशवी तिथे सगळ्यांच्या ओळखीची आहे.

पार्कात जातानाही तीच पिशवी होती. तिच्यात एक चादर, भाजी भरलेले चार उंडे, म्हणजे गोल पाव, जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सोलांचं लालभडक पाणी आणि बाबांचा पंप, म्हणजे श्वास लागला की तोंडात धरून ओढायचं औषध. खाण्याचं आत नेता येत नव्हतं. गेटवर आईने आधी पंप वर काढून दाखवला आणि चेहरा असा केला की तपासणाऱ्या मुलीने उंडे तेवढे काढून घेतले आणि बाकीची पिशवी सोडून दिली.

"चांगले उंडे गेले," आई आत आल्यावर म्हणाली. "आता ती खातली माझी भाजी."

सकाळ चांगली गेली. इतकी चांगली की मला भीतीच वाटत होती. आम्ही मागच्या बाजूने सुरुवात केली आणि बहीण एका खेळातून उतरून सरळ दुसऱ्यात चढत होती. बाबा सावलीतून तिला हात करत होते. एकदा आईला म्हणाले, "ह्या मोबाईलात बघून आमचा चेडू लोकांका कसा फसवता बघ." चेडू म्हणजे मी. त्यांचे खांदे जागच्या जागी होते.

दुपारी बोटीसमोर आलो तेव्हा ती लाल होती. रांग कठड्यांमधून वळसे घेत बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. मी म्हटलं, कार्यक्रम सुरू होईपर्यंत थांबू. आईबाबा तिथल्याच एका झाडाखाली टेकले आणि मी बहिणीला घेऊन दुसऱ्या टोकाच्या मोठ्या पाळण्याकडे गेले. तिथे जेवणाचा हॉल होता, पंखे होते. झाडाखाली सावली विरळ आहे हे आठवून मी आईला फोन केला, सावकाश इकडे या, आत बसा. ते आले. बाबा पंख्याखाली बसले. आई हात हलवत आली होती, हे मी बघितलं असणार. पण लक्षात आलं नाही.

मी अ‍ॅप उघडून बसले. बोट लाल. अजून लाल. आणि मग एकदम हिरवी. मध्ये पिवळी झालीच नाही. थांबायची वेळ शून्य.

कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता. मला क्षणभर विचित्र वाटलं, पण आनंद जास्त झाला. "चला, चला, उठा! बोट रिकामी झाली!"

"इतक्यात?" आई म्हणाली.

"उशीर केला तर परत लाल होईल, आई."

बहीण पुढे पळाली. मी तिच्यामागे आणि आमच्यामागे आईबाबा. हॉलपासून बोटीपर्यंत पूर्ण पार्क ओलांडून जायचं होतं आणि शेवटचा रस्ता चढाचा होता. सकाळपासून मी किती वेळ उभं राहावं लागेल एवढंच मोजत होते. किती चालावं लागेल हे अ‍ॅपमध्ये येत नव्हतं आणि माझ्याही मनात आलं नाही. चढावर मी मागे बघितलं. बाबांची कॉलर कानांपाशी होती. मी थांबले तर ते हातानेच म्हणाले, जा, जा पुढे, नंबर धर.

वर पोचलो तर कठडे खरोखरच रिकामे होते. माणसं लांब मागे ढकललेली होती, मध्ये दोरी बांधली होती. सुरक्षारक्षक शिट्ट्या वाजवत होते. कोणीतरी लहान मुलांना कडेवर घेऊन उतारावर पळत होतं. रिकाम्या कठड्यांच्या मधोमध, पहिल्या वळणावर, आईची चौकटीची पिशवी एकटीच उभी होती. तिच्यातून लाल पाण्याच्या बाटलीचं तोंड बाहेर आलं होतं.

"अगो, ती आमची," आई म्हणाली. "मी नंबर लावलंय थय."

बेवारस पिशवीला घाबरून सगळ्यांना हटवलं होतं, म्हणून बोट हिरवी झाली, हे मला एकदमच समजलं आणि त्याच वेळी बाबा माझ्या शेजारी आले. आले म्हणजे कसेबसे पोचले. कठड्याला धरून वाकले आणि तोंड उघडून हवा ओढायला लागले. आता खांदे आणि मान वेगळी दिसत नव्हती. त्यांनी हात पुढे केला. आईने स्वतःच्या बाजूला हात नेला, जिथे नेहमी पिशवी असते, आणि तिचा हात तसाच राहिला.

पंप पिशवीत होता.

मी दोरीपाशी उभ्या असलेल्या रक्षकाकडे गेले. मला अनोळखी माणसाशी मोठ्याने बोलायची सवय नाही. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज मागे पोचत नाही. मी म्हटलं, "ती पिशवी आमची आहे." त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. आता आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले आणि दोन पावलं लांब सरकले.

"तुमची? मग तिथे कशाला ठेवली?"

"नंबरासाठी."

"कसला नंबर?"

मला ते त्याला समजावता येईना. आंब्याखाली बसलेली माणसं, छत्र्या, चिऱ्याचा तुकडा, हे सगळं त्या क्षणी कुठून सुरू करायचं? मी म्हटलं, आत पंप आहे, वडिलांना श्वास लागलाय, बघा. त्याने बाबांकडे बघितलं. त्यालाही घाम फुटला होता, हे मला दिसलं. तो म्हणाला, साहेब आल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही, साहेब येतायत. आणि त्या बाटलीत काय आहे?

"सोलांचं पाणी."

"लाल कसलं?"

"सोलांचंच, दादा. कोकम."

मागून एक बाई ओरडत होत्या. दोन नातवंडांना दोन्ही हातांत धरलेल्या, जवळच्याच चोपड्याहून आलेल्या, हे नंतर कळलं. "अरे, ती पिशवी ह्यांचीच! माझ्या पुढची! मला सांगून गेली ती. कधीची सांगतंय, कोण आयकाना!"

बाबांच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. बहीण त्यांची पाठ चोळत रडत होती, "ताई, काहीतरी कर." मी वळून बघितलं. आई माझ्या शेजारी नव्हती.

ती दोरीखालून पलीकडे गेली होती. साडी एका हाताने वर धरून, आमच्या घरी दूध उतू जाताना जशी धावते तशी धावत होती. शिट्ट्या वाजल्या, गर्दीतून मोठी किंकाळी आली, कोणी कोणी खाली बसले. मलाही, खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की आता काहीतरी होईल. आमचीच पिशवी, मी स्वतः तिच्यात चादर घडी करून ठेवलेली, तरी वाटलं. आईने पिशवी उचलली, तिथेच हात घालून पंप काढला, पिशवी टाकली आणि परत धावली. रक्षक तिच्यामागे. तिने बाबांची हनुवटी वर केली, पंप तोंडात धरला आणि दाबला.

"ओढा. धरून ठेवा. आता सोडा. परत."

रक्षकही थांबला. आम्ही सगळे बाबांच्या खांद्यांकडे बघत होतो. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. आधी काहीच झालं नाही. मग कॉलर थोडी खाली आली. मग आणखी थोडी.

नंतर साहेब आले, आईला खूप बोलले. आई एकच सांगत होती, "माझ्या घोवाक उभ्या रवाक जमना नाय, म्हणान पिशवी उभी केलंय." बाबांना चाकांच्या खुर्चीतून पार्काच्या दवाखान्यात नेलं. मागे रांग पुन्हा भरत होती. चोपड्याच्या बाई हाका मारत होत्या, या हो, तुमचा नंबर माझ्या पुढचा. आम्ही गेलो नाही. खुर्चीतून बाबांनी मान वळवून बोटीकडे बघितलं. बहीण म्हणाली, मला पण नको. परत येताना बसमध्ये ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मी म्हापशापर्यंत त्या डोक्याचं वर-खाली होणं बघत राहिले.

पुढच्या महिन्यात छातीच्या डॉक्टरांचा दिवस होता. बाबांसोबत मीही गेले, आता नेहमी जाते. दारासमोर वस्तूंची लांब रांग लागली होती. आईने तिची पिशवी शेवटच्या हेल्मेटमागे ठेवली आणि आंब्याकडे निघाली. मी वाकून पिशवीतून पंप काढला आणि माझ्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला. आईने बघितलं.

बाबा आंब्याखाली बसून रांगेकडे बघत होते.

"काय गो," ते म्हणाले, "कसलो रंग आसा आज?"

"तांबडो," मी म्हटलं आणि त्यांच्या खांद्यांकडे बघितलं.