सरूकाकू आणि माझा संशय

एखाद्या माणसावर एकदा संशय बसला ना, की किस्से शोधावे लागत नाहीत. रोज एक नवीन दारात हजर! आमच्या लखनौच्या, अलीगंजमधल्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये सरूकाकूंचे सगळ्यात जास्त किस्से माझ्याकडे आहेत. कारण माझी चिऊच त्यांच्याकडे असते.

झालं असं, मी गोमती नगरला एका बुटीकमध्ये शिवणकामाला लागले. चिऊ साडेतीन वर्षांची. तिला ठेवायचं कुठे? आमच्या ग्रुपच्या पुढारी पवार वहिनी, त्यांचे मिस्टर आर्मीत. त्या म्हणाल्या, "सरूकाकूंकडे ठेव बिनधास्त. आपल्याच आहेत."

सरूकाकू म्हणजे थळकर काकू, अलिबागकडच्या. काका एअरफोर्समध्ये होते. ते गेले, काकू इथंच राहिल्या. एकट्या, शांत, कमी बोलणाऱ्या. पण पोटची पोर कुणाच्या हातात द्यायची म्हणजे नुसतं "आपल्याच आहेत" कसं चालेल? मी बघायला लागले.

*

पवार वहिनींनी एकदा कुठून कुठून खटपट करून कोलंबी मिळवली. लखनौत कोलंबी! आम्ही सगळ्या तुटून पडलो. काकूंनी मात्र वाटी हळूच बाजूला सरकवली.

"ॲलर्जी आहे का, काकू?"

"नाही गं. आम्ही खातच नाही. खेकडापण नाही."

समुद्राकाठची बाई, पापलेट खाते, सुरमई खाते, आणि कोलंबी खात नाही? भांडी आवरताना मी वहिनींच्या कानात म्हटलं, "ही बाई अलिबागची नाहीच!"

"मग कुठली?"

"तेच तर शोधायचंय!"

*

मग शनिवार आला. चिऊला आणायला गेले तर जेवण ताटात, पण गार. गॅस चकचकीत पुसलेला.

"काकू, सिलेंडर संपला का?"

"नाही. शनिवारी मी गॅस पेटवत नाही. कालच करून ठेवते."

"शनिवारचा उपास?"

"उपास कसला? सुट्टी."

"कुणाला?"

"सगळ्यांना. गॅसलासुद्धा!"

आता मला सांगा, गॅसला सुट्टी देणारी बाई सरळ असेल?

*

त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक बारीकशी डबी ठोकलेली आहे. बोटाएवढी, आणि तीही तिरकी. आत जाता-येता काकू तिला हात लावतात आणि बोटं ओठांना लावतात.

मला पहिल्यांदा वाटलं, कॅमेरा! आठ दिवस मी त्या डबीसमोर केस नीट करून, पदर सावरून उभी राहायचे. मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "काकू किती चांगल्या आहेत ना, चिऊ!" म्हटलं, रेकॉर्ड होऊ दे.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कॅमेरा तिरका कोण लावतं? खिळा हुकला असेल."

पण दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात शिरताना चिऊनं चौकटीला हात लावला आणि बोटांचा पापा घेतला! माझ्या हातातली भाजीची पिशवीच पडली. रात्री मी तिची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली.

*

कळस झाला तो पुढच्या आठवड्यात. आमच्या चिऊला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. घरी आली आणि म्हणाली, "मम्मी, आज एलियाहू आने वाले थे."

"कोण आने वाले थे?"

"एलियाहू. काकू ने उनके लिए पोहे बनाए. नारियल वाले, मीठे."

एकट्या बाईच्या घरी भरदुपारी माणूस येतो! मी आवाज शांत ठेवला. "कैसे दिखते हैं, बेटा?"

"दिखते नहीं हैं."

"मग पोहे?"

"वो मैंने खा लिए."

मी ठरवलं. महिना संपला की चिऊला तिथून काढायचं.

*

मध्येच एका रविवारी दुपारी पवार वहिनींनी सगळ्यांना पिक्चर बघायला बोलावलं. परदेशातला, लढाईचा, हिंदीत केलेला. एका गावातली साधी माणसं एका यहुदी कुटुंबाला फरशीखालच्या खोलीत लपवतात. शिपाई घरोघर झडती घेतात. मी पहिल्यापासून सांगत होते, "हा दूधवाला सांगणार बघा!" शेवटपर्यंत त्यानं काही सांगितलं नाही. तरी मला तो पटला नाहीच.

पिक्चर संपल्यावर सगळ्या एकदम शूर झाल्या. "मी असते तर लपवलं असतं बाई!" "मी तर शिपायालाच लाटणं मारलं असतं!"

पवार वहिनी चहा देत म्हणाल्या, "आपल्याला काय, आपल्यात कुठं असतात यहुदी!"

सरूकाकूंनी एक घोट घेतला. "असतात ना. वहिनी, माझ्या चहात साखर जास्त झालीय."

काकू स्वतःच यहुदी निघाल्या, आणि मग त्यांनी एकेक उलगडून सांगितलं. सरू म्हणजे सरस्वती नाही, सारा! कोलंबी त्यांच्या धर्मात चालत नाही, शनिवार सुट्टीचा, डबीत देवाची वचनं, आणि एलियाहू त्यांचा संदेष्टा, त्याच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करतात.

मी चाचरत विचारलं, "मग काकू, तुमच्या लोकांनापण असं लपावं लागलं?"

"कोकणात? छे! आम्हाला शनवार तेली म्हणायचे. बाकीचे सहा दिवस गावकरी आमच्याकडून तेल न्यायचे. शनिवारी कुणी घाणा चालू करा म्हणायचं नाही. बस."

मला सगळं कळलं. पण धर्म कळला म्हणून काय झालं? माझ्या पोरीला ही बाई जिवापाड जपेल का, ते कुठं कळलं होतं?

*

त्यानंतर चारच दिवसांनी बुटीकमध्ये ह्यांचा फोन. हे अमौसीला एअरपोर्टवर सिक्युरिटीत आहेत. शिफ्ट लवकर सुटली म्हणून चिऊला आणायला परस्पर काकूंकडे गेले. वर्दीत, टोपीसकट. काकूंनी ह्यांना तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं, तू चिऊला नक्की कुठं ठेवतेस? ही बाई म्हणते, इथं कुठलीही मुलगी नाही!"

मी हातातलं शिवण टाकून उठले. "नीट विचारा!"

"तीनदा विचारलं. म्हटलं, मी बाप आहे. तर म्हणते, सगळे तसंच म्हणतात! आणि दारात चिऊच्या चपला दिसतायत गं. त्या दाखवल्या, तर म्हणते, माझ्या आहेत!"

ई-रिक्षा, ऑटो, काय काय बदलत पोचले. हे जिन्यात घाम पुसत बसलेले. मी दार वाजवलं.

"कोण?"

"काकू, मी! चिऊची मम्मी!"

साखळी न काढता दार बोटभर उघडलं. आत पलंगावर चिऊ तोंडात अंगठा घालून गाढ झोपलेली दिसली. काकूंनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं आणि कुजबुजल्या, "हा शिपाई तासभर बसलाय. तुझ्या ओळखीचा आहे का गं?"

मी वळले. वर्दी, टोपी, लालबुंद तोंड.

"थांबा काकू," मी म्हटलं, "नीट बघून सांगते!"