मन्सूरचं ब्राझीलचं गाणं

मन्सूर बँडवाला. म्हंजे आधी बँडवाला, मग वॉचमन. शेवटी शेवटी लोक वॉचमन म्हणूनच ओळखायचे, पण रझियाला विचारा, ती आजही म्हणेल माझा नवरा क्लॅरोनेट वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात साधी चप्पल, असं पुण्यातल्या किती वरातींपुढं चालला त्याला हिशोब नाही. मग डीजे आले. बँडच्या मालकानं दुकान चपलांच्या धंद्याला भाड्यानं दिलं आणि मन्सूर वारज्याला एका सोसायटीच्या गेटवर जाऊन बसला. रझिया कात्रजच्या दोन खोल्यांत साड्यांना फॉल-पिको करायची. पोरगी सुमय्या, कॉलेजला.

गेटवर बसून दुपारी मन्सूर मोबाईलवर क्लॅरोनेट ऐकायचा. एक दिवस जेवण झालं, डोळा लागला, आणि मोबाईल आपला आपण एका गाण्यावरून दुसऱ्यावर गेला. जाग आली तर भलतंच काहीतरी चालू. गिटारी अशा, की कुणी पत्रा घासतंय. एक माणूस भांडल्यासारखा गातोय. मन्सूर बंद करणार होता. तेवढ्यात मधेच क्लॅरोनेट निघालं.

घरी आला तो चप्पल न काढताच सांगायला लागला.

"रझिया, तो माणूस बँडवाला आहे. चालत वाजवायला शिकलेला."

"तुम्हाला काय माहीत? दिसतोय का तो?"

"दिसायला कशाला पाहिजे? श्वास कुठं घेतोय ते ऐक. बसून वाजवणारा तिथं श्वास घेत नाही. पाऊल पडतं तिथं घेतोय."

रझियाला काही कळलं नाही. मोबाईलवर चित्र होतं एक पिवळं, तीन माणसं रिकाम्या हातगाडीवर बसलेली. अक्षरं इंग्रजी वाटायची पण वाचता येईनात. खाली आकडा होता, किती जणांनी ऐकलं त्याचा. तीनशेसुद्धा नाही.

सोसायटीत वरच्या मजल्यावर स्वराली मॅडम राहतात, आयटीवाल्या. स्वभावानं मोकळ्या. मन्सूरनं त्यांना धीर करून विचारलं.

"मॅडम, हे कुठलं आहे बघता का जरा?"

त्यांनी बघितलं, त्यांच्या मोबाईलवर शोधलं. "काका, हे पोर्तुगीज आहे. ब्राझीलचा बँड, शहात्तर सालचा. रॉक. तुम्ही हे ऐकता?"

"नाही हो. लागलं आपोआप."

"एकच अल्बम काढलाय त्यांनी. खपला नाही, विषय संपला. दुसरीकडं कुठंच दिसत नाही. डाऊनलोड करून देऊ?"

"नको नको! डाऊनलोड केलं की पसरतं."

मॅडम हसल्या. "काका, ब्राझीलमध्ये नाही पसरलं, वारज्यात काय पसरणार?"

पण मन्सूर ऐकायला तयार नाही. बँडवाल्यांची रीतच ती. नवीन चाल हाती लागली की लग्नसराईपर्यंत दाबून ठेवायची. दार लावून प्रॅक्टिस. नाहीतर समोरचा बँड ऐकतो आणि तुमच्या आधी रस्त्यावर वाजवून मोकळा होतो. आता समोरचा बँड राहिला नव्हता, मन्सूरचा बँडसुद्धा राहिला नव्हता, तरी तो दाबून बसला. रझियाला म्हणायचा, कुणाजवळ बोलू नको. तिकडं कुणी ऐकलं नाही ना त्यांचं, बघ, एकदा तरी पुण्याच्या रस्त्यावर वाजवणार. पूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

रझिया म्हणायची, "वाजवा. पण आधी तो खोकला दाखवा डॉक्टरला."

खोकला बरेच महिने होता. रोज संध्याकाळी खिडक्या लावून, क्लॅरोनेटच्या तोंडात फडकं कोंबून तो त्या अल्बममधलं क्लॅरोनेटवालं पाचवं गाणं बसवायचा. चार ओळी वाजवल्या की खोकला. परत पहिल्यापासून. रझियाचं मशीन चालू असायचं, पण एखाद्या दिवशी तो शेवटपर्यंत पोचला की जिथं चाल वर चढते तिथं तिचा पाय पॅडलवरून आपोआप उचलला जायचा. तिनं हे त्याला कधी सांगितलं नाही. उगीच चढेल म्हणून.

सोसायटीत एकदा गेटवर तोंडानं गुणगुणत होता, तर चेअरमन माधवराव म्हणाले, "आम्ही वॉचमन ठेवलाय असं वाटत होतं. वाजंत्री निघाला." मन्सूरनं सांगितलं नाही त्यांनाही.

गणपती झाले, दिवाळी जवळ आली. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू. रणजित म्हणून त्याचा जुना जोडीदार, ट्रंपेटवाला, एरवी रिक्षा चालवतो, सीझनला दुसऱ्या बँडमास्तराकडं वाजवायला जातो. मन्सूर म्हणाला, आता रणजितला बोलावतो, ऐकवतो. मोबाईल उघडला तर पिवळं चित्र नाही. काळा चौकोन. व्हिडिओ काढून टाकलाय म्हणे.

स्वराली मॅडमनी बसून शोधलं. ज्यानं टाकलं होतं त्याचं खातंच बंद झालेलं. त्यांना वाईट वाटलं, पण बोलून गेल्या, "तेव्हाच घेतलं असतं ना काका."

मन्सूर त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. जेवला नाही. रझियानं विचारलं तर म्हणाला, "मीच दाबून मारलं ते."

त्याच आठवड्यात त्याला श्वास पुरेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसं आतून वाळत चाललीत, फार उशिरा आणलंत. ऑक्सिजन लावला. मन्सूरनं एकच धोशा लावला, रणजितला बोलवा. रणजित आला. मन्सूर मास्क खाली ओढून तोंडानं चाल सांगायचा, दोन ओळी, की धाप. रणजित हळूच परत म्हणून दाखवायचा. मन्सूर बोटानं नाही म्हणायचा, इथं नाही, पाऊल पडतं तिथं.

सिस्टर ओरडली, "ओ बाबा! मास्क लावा. गाणी घरी गेल्यावर."

अर्ध्याच्या थोडं पुढं आले होते. "आता वर जातं ते," मन्सूर म्हणाला आणि खोकल्यानं जे घेरलं त्याला, ते बोलणं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नळी घातली. नळी घातल्यावर माणूस बोलत नाही. नंतर तो बोललाच नाही.

रझिया इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर काही महिने बाई घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. रणजित आला तो दारात बसला, रझिया पडद्याच्या आत.

"भाभी, शेवटचं राहिलंय. दुसऱ्या कुणी ऐकलेलंच नाही. तुम्हाला येतं का?"

येतं का म्हंजे काय. पण तिनं ते तोंडानं कधी म्हणून बघितलं नव्हतं. तोंड उघडलं की हुंदकाच यायचा. सुमय्या म्हणाली, "अम्मी, म्हण ना गं." मग रझिया उठली, मशीनवर बसली, रिकामं मशीन चालवायला लागली आणि त्या आवाजाच्या आडोशानं म्हणाली. तीन-चारदा म्हणाली. बाहेर रणजित ट्रंपेटचा नुसता तोंडचा तुकडा ओठाला लावून गिरवत होता.

जाताना म्हणाला, "तुमच्या मागच्या गल्लीत लग्न आहे. वरात इथूनच जाणार. मास्तरला पटवलंय मी. ऐका तुम्ही."

त्या संध्याकाळी रझिया खिडकीच्या आत, पडद्यामागं उभी. लांबून, चौकातून सुरू झालं. तेच. श्वाससुद्धा तिथंच घेतलेला. तिनं सुमय्याचा हात धरला. वरात वळली, गल्लीत आली. आता वर जाणार, आता.

आणि बंद झालं.

बँडवाले मयताच्या घरापुढून वाजवत जात नाहीत. शिकवलेलंच असतं त्यांना ते. त्यातले निम्मे मन्सूरचे जोडीदार. सगळ्यांनी टोप्या काढल्या, रणजितनं ट्रंपेट छातीशी धरलं, माना खाली घालून निघाले. नुसता लायटीच्या जनरेटरचा आवाज.

"वाजव रे!" रझिया ओरडली. "रणजित, वाजव!" खिडकीच्या गजांवर हात आपटले. जनरेटरपुढं कुणाला ऐकू जातंय. नवरदेवाकडची पोरं पण ओरडत होती, अरे वाजवा की, पैसे कशाचे घेता. सुमय्यानं तिला मागं ओढलं, "अम्मी, लोक बघतायत."

किराणा दुकान ओलांडल्यावर ढोलावर काठी पडली. सिनेमाचं गाणं होतं. पोरं नाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी रणजितचा फोन. "भाभी, वाटलं होतं दारापर्यंत यायच्या आधी संपेल. मन्सूरभाईंच्या दारापुढून कसं वाजवणार होतो आम्ही?"

"आणि पुढं? पुढं गेल्यावर?"

"मास्तर म्हणाला, पुरे ते. कुणी नाचेना त्याच्यावर."

रझिया "बरं" म्हणाली. त्याला काय बोलणार, तो तिकडं रडत होता. परत कधी वाजवलं का, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.