ठोका चुकतो म्हणाला होता

प्रज्वल गेल्याचं कळलं तेव्हा मी सदर भागातल्या ऑफिसात डबा उघडत होतो. फोनवर आमच्या बँडचा गिटारवाला सौरभ होता आणि त्याला धड बोलताही येत नव्हतं. सकाळी आंघोळीला उठला आणि दारातच कोसळला म्हणे... सत्ताविसाव्या वर्षी. आज लिहूनच टाकतो, मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. आता त्याची आई मला विचारेल, याची.

प्रज्वलला तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर विनोदी रील्समध्ये पाहिलं असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो वरातीतल्या बँडचा तिरसट मास्तर व्हायचा आणि नाचता न येणाऱ्या वऱ्हाड्यांना झापायचा. हुडकेश्वरच्या भाजीबाजारात बायका त्याला अडवत, "ओ मास्तर, वाजवून दाखवा ना" म्हणत, आणि हा पठ्ठ्या दुधीभोपळ्यावर वाजवून दाखवी. आमच्या बँडमध्ये ड्रमवर बसला की मात्र तोंडातून शब्द नाही. मी बास वाजवतो. एखादी मात्रा मागे राहिलो की तो हात थांबवून नुसता बघायचा, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. स्टेजवर आपल्याला पाहून लोक हसतील, ही एकच धास्ती त्याला होती.

यंदा आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. नुसतं वाजवायचं, विनोद अजिबात नाही. तालमीत एकदा तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "ठोका चुकून राहिला गा." मी म्हटलं, माझा बरोबर आहे, तुझाच चुकला असेल. ड्रमवाल्याने ठोका म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मग त्याने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत धडधड चालायची, मध्येच थांबायची, मग घाईघाईने दोनदा... मी हात काढून घेतला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या, त्या तो कार्यक्रमानंतर करणार होता.

"आईले सांगू नको," तो म्हणाला. "मले ड्रमपाशी बसूच देणार नाही."

मी कबूल झालो. कार्यक्रम मलाही हवाच होता. आठवड्याने त्याने त्याच दुखण्यावर रील केलं. मास्तर स्वतःच्या छातीवर काठी रोखून ओरडतो, "बेताल वाजवून राहिला बे, उद्यापासून येऊ नको!" कॅमेरा मी धरला होता. मागे हसण्याचा आवाज येतो, तो माझा आहे.

कार्यक्रमाला लोक हसायच्या तयारीनेच आले होते. सुरुवातीला शिट्ट्या पडल्या, "मास्तर, मास्तर" झालं. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने सभागृह चिडीचूप झालं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. घामाने निथळत खाली उतरल्यावर त्याने मला विचारलं, हसले नाहीत ना कोणी? तपासणी सोमवारी होती. तो आधीच्या शुक्रवारी गेला.

अंत्यसंस्काराला मी गर्दीच्या मागेच उभा राहिलो. पुढे महिनाभर त्यांच्या गल्लीवरून जायचंही टाळलं. गेल्या आठवड्यात शेवटी मन घट्ट करून गेलो. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, जयभीम घातला, चहा दिला आणि त्याच्या खोलीत नेलं. ड्रमवर त्यांनी आपली सुती साडी पांघरली आहे, कोपरे नीट खोचून. कडेला बसत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. तेच रील.

"यात तो खरं बोलून राहिला होता का गा?"

नाही मावशी, गंमत होती ती, असं मी म्हणालो. इतकं पटकन की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी रील परत पहिल्यापासून लावलं.

"मले बी हसू आलं होतं," त्या म्हणाल्या. "दहा जणींले दाखवलं म्या. आईले तं समजाले पाहिजे होतं..."

मी उठून बाहेर आलो. मावशी वर्तमानपत्राची ही पुरवणी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मावशी, तुम्हाला समजायला काही मार्गच नव्हता. मला माहीत होतं.