दातारबाईंच्या घरचं मत

मुलुंड पूर्वेत दातारबाईंना न घाबरणारा माणूस शोधून सापडला नसता. बाईंनी जन्मभर दहावीला विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आख्ख्या सोसायटीलाच वर्ग मानलं. गणपतीच्या मांडवात उभं राहून, माणूस देवाने घडवलेला नाही, हे आरती संपायच्या आत ठणकावून सांगणारी बाई ती! डार्विन जणू यांच्या माहेरचा. नवरा बाळासाहेब देवापुढे दिवा लावायचे तेही बाई आंघोळीला गेल्या की.

एका रविवारी विमला नावाची मुलगी टॅब घेऊन दारात आली. माणूस देवाने आहे तसा घडवला की हळूहळू उत्क्रांत होत आला, याबद्दल लोकांना काय वाटतं, याची पाहणी करत ती घरोघर फिरत होती. बाईंना चेवच चढला.

"बस गं. लिहून घे, या घरात सगळे उत्क्रांती मानतात."

"काकू, घरातल्या एकालाच विचारायचंय. ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्याला."

"मग माझाच की," बाळासाहेब खूश होऊन म्हणाले. "गेल्या आठवड्यात, तिथीने."

"तिथीबिथी माझ्या घरात चालत नाही!" बाई कडाडल्या. "तारीख धर गं. तारखेने निहारचा झाला, गेल्या महिन्यात."

काय नडलं होतं? बाळासाहेबांनी बायकोला हवं तेच उत्तर निमूटपणे दिलं असतं. पण बाईंच्या अंगातली खुमखुमी गप्प बसू देईल तर ना.

मुलगा निहार आतल्या खोलीतून आला. पवईच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि आईशी बोलायचा ते कामापुरतं. विमलाने दोन्ही पर्याय वाचून दाखवले.

"पहिला," निहार म्हणाला. "देवाने घडवला, आहे तसा."

"अरे मूर्खा! दहावीला याच धड्यात पैकीच्या पैकी मार्क होते तुला!"

"मार्कांसाठी लिहिलं होतं. पटलंय का, हे तू कधी विचारलंस? मी वर्गात विचारलं, मग देवाने काय केलं? तर तू म्हणालीस, हे बघा आमच्या घरातलं माकड. वर्षभर शाळेत मला कुणी नावाने हाक मारली नाही, आई."

"म्हणून आज सूड उगवतोस? देवळाची पायरी तरी चढतोस का कधी? खोटं बोलतोय गं हा, खोड ते!"

"काकू, खोडता येत नाही," विमलाही आता वैतागली होती. "मनापासून दिलं की रागाने दिलं, ते आम्ही विचारत नाही. आणि प्लीज, मधे बोलू नका ना."

स्वतःच्या दिवाणखान्यात कुणीतरी आपल्याला गप्प बसवतंय, हे बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बाळासाहेब मान खाली घालून बसले होते.

"शेवटचा प्रश्न," विमला म्हणाली. "तुमचं हे मत बनण्यात सगळ्यात मोठा वाटा कुणाचा? कुटुंब, शिक्षक, धर्मग्रंथ, की आणखी कुणी?"

निहारने एकदा आईकडे पाहिलं.

"शिक्षक," तो म्हणाला. "कुटुंब नको लिहूस."