निळी टीम का हरली

फुटबॉल मी पहिल्यांदा पाहिला तो भाताच्या पातेल्यामागून. पेणच्या एका शाळेच्या मैदानावर कॉलेजांच्या मॅची होत्या आणि बाहेरगावच्या टीमना जेवू घालायचं काम आमच्या आळीतल्या बायकांना मिळालं होतं. शाळेच्या मागच्या शेडमध्ये चुली मांडल्या होत्या. मोठ्या जाऊबाई सगळ्यांवर देखरेख करायच्या, खाडीकडच्या गावातून आलेल्या एक वयस्कर मावशी भाकऱ्या करायच्या आणि वाढायच्याही, आणि मी भात वाढायची. भात वाढताना फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मी तो मागून घेतला होता.

आठ कॉलेजं आली होती. हरला तो घरी, अशी पद्धत. त्यात रोह्याचं कॉलेजही होतं आणि त्यांचा गोली माझा भाचा, रोह्याजवळच्या निडी गावातल्या माझ्या भावाचा मुलगा. कॉलेजातलं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. मॅच असेपर्यंत तो आमच्याकडेच झोपायला होता. पहिल्याच दिवशी त्यांची गाठ निळ्या टीमशी पडली. निळी टीम लांबच्या मोठ्या कॉलेजची. आमच्या शेजारचे रिक्षावाले भावजी रोज भाजी आणून टाकायचे, त्यांना फुटबॉलचं वेड. सकाळीच म्हणाले, "वैनी, भाच्याची बॅग भरून ठेवा. संध्याकाळच्या एस्टीनं रोह्याला परत."

मी भाजी निवडायला घेतली. पण भाच्याने ऐकलं होतं.

निळी टीम दुपारी आमच्याकडे जेवली. सतरा मुलं. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, भात, वालाचं बिरडं, आणि पोह्यांचे पापड. मावशींचं वाढणं मी तोपर्यंत कुठल्याही लग्नात पाहिलं नव्हतं असं होतं. मुलगा नको म्हणाला की त्या म्हणायच्या, "लाजतोस कनाला रं? आयेनं उपाशी धाडलाय काय?" आणि भाकरी ताटात. आमच्याकडे पाहुणा नको म्हणतो तो लाजून, असंच धरून चालतात. ज्याला खरंच नको असतं तो ताटावर आडवा हात धरतो. हात धरला की मग कोणी वाढत नाही, धरला नाही तर थांबत नाही. त्या मुलांपैकी एकानेही हात धरला नाही. मावशी खूश. मला म्हणाल्या, "पोरं जेवनारी हायेत गो. खेलतील."

मी वाढताना वर तोंड करून बघत नाही. आता म्हातारपणीही बघत नाही. ताटं बघते आणि हात बघते. त्यामुळे कोणत्या हाताने किती भाकऱ्या मोडल्या हे माझ्या ध्यानात राहतं, चेहरे राहत नाहीत. एका हातात तांब्याचं कडं होतं, त्याने सात भाकऱ्या आणि तीनदा भात घेतला. एका हाताचं अंगठ्याचं नख काळं पडलेलं, त्याने सहा.

साडेतीनला मॅच सुरू झाली. भांडी घासायची सोडून मी शेडच्या कडेला उभी राहिले. मला कळत काही नव्हतं, पण निळी मुलं कमरेवर हात ठेवून उभी राहतात हे दिसत होतं. रोह्याचा एक गोल झाला तेव्हा मैदानात एवढा गलका झाला की मावशी पीठ भरल्या हाताने बाहेर आल्या. शेवटी शेवटी निळ्यांचा एक उंच मुलगा एकटाच बॉल घेऊन पुढे आला. समोर फक्त आमचा भाचा. त्याने जोरात लाथ मारली आणि भाचा आडवा झेपावला. बॉल त्याच्या पंजाला लागून बाहेर गेला. भाचा बराच वेळ उठलाच नाही. मग तो उठला, आणि मॅच संपली. निळी टीम पहिल्याच फेरीत गेली. त्याच सकाळी गेल्या वर्षी जिंकलेली टीमही एका छोट्या कॉलेजकडून हरली होती, त्यामुळे लोकांना बोलायला दोन-दोन विषय झाले.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर चहा होता. मी कपबशा घेऊन फिरत होते. रिक्षावाले भावजी आणि पोह्यांच्या गिरणीत कामाला असलेले एक काका यांचं जुंपलं होतं.

"उन्हामुळं हरले," भावजी म्हणाले. "दुसऱ्या हाफला निळ्यांच्या डोळ्यात सूर्य होता."

"आणि सकाळी जी टीम हरली तिच्या डोळ्यात काय होतं? सकाळी सूर्य पश्चिमेला उगवला?"

"ती माजली होती म्हणून हरली."

"म्हणजे एक उन्हानं आणि एक माजानं. आणि समोरची पोरं खेळली ते काय नायच?"

"तुम्ही गिरणीत जा काका, फुटबॉल आम्हाला ठेवा. सकाळी बॅगा भरा म्हणालो होतो ना, तरी जिंकली पोरं. मी कसला आनंदात हाय."

"तुम्ही आनंदात नाय, तुम्ही खोटे पडलात."

मला ते ऐकायला फार आवडत होतं. एकच गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली आणि प्रत्येकाचं कारण निराळं. माझ्याकडेही एक कारण होतं. चहाच्या पातेल्याशी मी ते हळूच जाऊबाईंना सांगितलं, की मुलं जेवली फार, सतरा जणांत चुलीवरचं सगळं संपलं, त्याने तर नसतील हरली. जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही. त्या ओट्यावरच म्हणाल्या, "भावजी, तुमचं ऊन नि बिन काय नाय. आमच्या मावशींनी सात-सात भाकऱ्या घातल्या त्या पोरांना. पळतायत कशी?"

ओटा हसून हसून लोळला. भावजी म्हणाले, "मग कप मावशींनाच द्या. आणि उद्या रोह्याची गाठ लाल टीमशी, त्यांना दहा-दहा घाला, म्हणजे रोहा फायनलला."

मावशींना ते लागलं. "खाल्लं म्हनून कोन हरतो काय?" म्हणत त्या आत गेल्या. आणि मी पाहिलं तर ओट्याच्या टोकाला भाचा उभा होता, हातात चहाचा कप तसाच. तो हसत नव्हता.

मी नळावर भांडी धुवायला गेले तसा तो मागून आला.

"आत्या, खरं काय ते सांग. ती पोरं जेवणामुळं हरली?"

"मला काय माहीत. मी आपलं सहज बोलले."

"तू सहज काही बोलत नाहीस. मी तो बॉल काढला ना, असा बॉल मी आजपर्यंत काढला नव्हता. आणि पुन्हा काढेन की नाय माहीत नाय. तो माझा हाय की मावशींचा, एवढंच मला पाहिजे."

मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती, जाऊबाईंची नव्हती. मी म्हणाले, "थांब. मी बघते." काय बघणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

निळ्या टीमची गाडी सकाळी येणार होती, म्हणून ती मुलं रात्रीही आमच्याकडेच जेवायला बसली. या वेळी मी भाताचं पातेलं घेऊन हात बघत गेले. काळ्या नखाचा हात सापडला. मी थांबले. मुलगा म्हणाला, "बस, काकू, भात नको." मी म्हणाले, "तू खेळलास का आज?"

"मी? मी बाहेर बसलो होतो. अकराच खेळतात ना, काकू."

हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं सतराही जण पळत असतील. मग माझी भीड जरा कमी झाली. विचारत गेले. दुपारी सहा-सात भाकऱ्या खाल्लेल्या चौघांपैकी तिघे बाहेर बसलेले निघाले. बसायचंच होतं म्हणून ते बिनघोर जेवले होते. माझं कारण तिथे निम्मं पडलं, आणि मला बरं वाटलं. मग चौथा हात आला, कड्याचा. मी वर बघितलं, तर तोच उंच मुलगा.

"ती शेवटची किक तुझी होती?"

"माझीच." तो ताटाकडे बघत म्हणाला.

"जेवण जड झालं होतं का रे तुला?"

त्याने विचार केला. "पहिल्या हाफला पोट दुखत होतं. नंतर नाही दुखलं. का हो?"

"मग एवढं घेतलंस कशाला?"

"मी नको म्हणालो, काकू. तीनदा म्हणालो. आजी वाढतच होत्या. आणि पानात काही टाकायचं नाही असं सरांनी बजावलंय."

"ताटावर हात धरायचा होतास."

"हात कशाला?" त्याने विचारलं. त्याच्या गावाकडे तसं नव्हतं. त्याने नको म्हटलं की तिथे थांबत असणार. इतकी साधी गोष्ट, पण ती आम्ही त्यांना सांगितली नव्हती. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं की हे कोणाला सांगावं लागतं.

जेवणं उरकून आम्ही घरी चाललो होतो, जाऊबाई पुढे, मी आणि भाचा मागे. मी त्याला सगळं सांगितलं. खेळणाऱ्यांतले बाकीचे तीन-चार भाकऱ्यांवर ताटावरून उठले होते, हे सांगितलं. शेवटी किक मारणारा मात्र सगळ्यात जास्त जेवला होता, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर त्याला कळलं नसतं. पण त्याने खरं विचारलं होतं.

तो रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबला. मग म्हणाला, "म्हणजे त्याची किक हलकी आली असेल?"

"ते मी कसं सांगू? बॉल तुझ्या हाताला लागला, माझ्या नाय. हलकी होती का?"

त्याने दिव्याखाली उजवा पंजा उघडून दाखवला. अंगठ्याचा खालचा भाग सुजून टम्म झाला होता आणि लालबुंद. मी आधी पाहिला कसा नाही याचं मला नवल वाटलं. दिवसभर मी सगळ्यांचे हात बघत होते.

"हलकी नव्हती," तो म्हणाला. पण पहिल्या हाफला त्या मुलाचं पोट दुखत होतं त्याचं काय, हे त्याच्या मनात राहिलं होतं. ते मला दिसत होतं.

घरी हळद-मीठ गरम करून मी पंजाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल टीम जेवायला बसली. रोह्याची मॅच त्यांच्याशीच होती. भावजी भाजी टाकून जाताना मावशींना म्हणाले, "दहा-दहा. विसरू नका." मावशींनी त्यांच्याकडे पाठ केली, पण भाकऱ्यांची चळत घेऊन उठल्या. रोह्याची टीम माझ्या माहेरची. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. पंगतीसमोर उभी राहून मी म्हणाले, "मुलांनो, पोट भरलं की ताटावर हात आडवा धरा. नुसतं नको म्हटलं म्हणून इथे कोणी थांबत नाही. हात धरला की आम्ही वाढत नाही."

एवढंच बोलले. अनोळखी पंगतीपुढे तोंड उघडून बोलल्याचं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं. मुलं हसली, आणि दोन-तीन भाकऱ्यांनंतर हात आडवे पडू लागले. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाव्हन्यांना असं सांगतात काय गो?" जाऊबाई कानाशी म्हणाल्या, "तू आपल्या भाच्याच्या बाजूची ना?"

रोहा दोन गोलांनी हरला. लाल मुलं शेवटपर्यंत पळत होती. जाऊबाई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. भावजींनी मात्र ओट्यावर सांगितलं की आज वारा उलटा होता, आणि गिरणीतले काका म्हणाले, वारा दोन्ही टीमला एकच असतो, हाफला बाजू बदलतात एवढं तरी बघत जा.

मी भाच्याला एस्टी स्टँडवर सोडायला गेले. त्याने लाल टीमबद्दल विचारलं, "आज ते किती जेवले?"

"दोन-तीन भाकऱ्या. जास्त नाय. मीच सांगितलं त्यांना ताटावर हात धरायला."

मला वाटलं रागावेल. तो रोह्याच्या गाडीच्या बोर्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाय."

"बरं केलंस." गाडी आली, लोक चढायला लागले. तो बॅग खांद्यावर घेऊन म्हणाला, "आज त्यांचं पोट जड नव्हतं नि दोन गोल खाल्ले आम्ही. ते आमचे आम्ही खाल्ले. मग कालचा बॉल तेवढा माझा धरायला हरकत नाय, आत्या."

तो चढला आणि खिडकीशी बसला. हा हिशेब बरोबर आहे की नाही, मी पुष्कळदा जुळवून पाहिलं आहे. आजचं हरणं खरं म्हणून कालचं जिंकणं खरं, असं होतं का? कड्यावाल्या मुलाने दोनच भाकऱ्या खाल्ल्या असत्या तर काय झालं असतं, हे कोणाला कळणार? मला नाही सुटलं. पण गाडी वळली तेव्हा त्याने मला हात केला तो सुजलेलाच हात होता, आणि तो खूश दिसत होता.